लटके किरण

परळच्या प्रयोगशाळेत चौथ्या मजल्यावर
प्राणिगृहाची चावी बत्तीस वर्षं
मांजरेकरांच्या कमरेला होती.
सांभाळायचे उंदीर आणि आडनाव मांजरेकर,
हा विनोद प्रत्येक नवा साहेब करायचा
आणि ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

मी त्यांच्या हाताखाली लागलो ते गिनीपिगांच्या कामावर.
सगळ्यांना आधी अंड्याच्या पांढऱ्याची टोचणी,
मग तीन आठवडे थांबायचं,
रक्ताने ते नाव पाठ करेपर्यंत.
त्या तीन आठवड्यांत रोज एक तास पेटीत.
अर्ध्यांवर सूक्ष्मलहरी सोडायच्या.
उरलेल्यांवर नाही,
पण दार तसंच लावायचं,
पंखा तसाच घरघरायचा, तांबडा दिवाही लागायचा.
भेसानिया बाईंकडे त्याला इंग्रजी शब्द होता.
मांजरेकर म्हणायचे, लटके किरण.

कुणाचे खरे, कुणाचे लटके, आम्हाला माहीत नसे.
ते पाकिटात. पाकीट कपाटात. कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये.
आम्ही वजन लिहायचो, अंगाचा ताप लिहायचो,
आणि कोण किती वेळा कान खाजवतं
ते मोजायचो.

मग तो दिवस. तेच अंडं, दुसऱ्यांदा.
आधी नाक घासतात.
मग मानेवरचे केस उभे, ढास,
आणि कुशीवर.
मिनिटं मी लिहायची.
मांजरेकर तळहात खाली धरून बसायचे,
पडताना लागू नये म्हणून.
त्याचा रकाना वहीत नव्हता.
अकरा नंबरला, नाकावर पट्टा होता त्याला,
काहीच झालं नाही. तो कोबी मागत राहिला.

त्याच पावसाळ्यात माझ्या मनगटावर गांधी उठू लागल्या.
दवाखान्यात हातावर बारा थेंब, बारा ओरखडे.
एकच फुगला: गिनीपिगचे केस.
आठ मिलिमीटर, मी सवयीने सांगून टाकलं.
डॉक्टरने पट्टी लावली. आठच होते.

पाकीट उघडलं तेव्हा फरक होता.
होता म्हणजे, दोन खांब, एक जरा उंच,
पण त्यांच्या डोक्यावरच्या दांड्या
एकमेकींत घुसलेल्या.
बाई म्हणाल्या, अजून चाळीस जनावरं लागतील.
पैसे आले नाहीत.
अकरा नंबर लटक्यांत निघाला.
मांजरेकर म्हणाले, म्हणजे ह्यांना फुकट कोंडलं?
फुकट नाही, त्यांच्यावाचून बाकीच्यांचं काय कळणार, बाई म्हणाल्या.
त्यांनी मान हलवली, आणि पिंजरे
रोजच्यापेक्षा जास्त वेळ धुतले.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर आहे.
त्याच्या भाड्यातून लिफ्ट दुरुस्त झाली.
सभेत उकिडवे वहिनी लिफ्टने वर आल्या आणि
मला म्हणाल्या, तू त्यातलाच, सांग,
आमच्या निहारचा दमा ह्याच्यामुळेच ना?
मी म्हणालो, आमची पेटी वेगळी, अंतर वेगळं,
जनावर वेगळं, शिवाय दांड्या...
म्हणजे हो की नाही?
सगळे माझ्याकडे बघत होते.
मी नाक घासलं.

मग सेक्रेटरींनी हळूच सांगितलं,
भाड्याच्या भांडणात टॉवर दिवाळीपासून बंदच आहे.
कुणी हसलं. कुणी म्हणालं, मग माझं डोकं का दुखतं?
वहिनी हसल्या नाहीत.

रात्री अडीचला त्यांनी दार वाजवलं.
निहार पलंगावर बसून, खांदे वर,
छातीत बारीक शिट्टी.
रिक्षा इथे नाहीत, टॅक्सी येईपर्यंत
पंप दिला, पाठीमागे उशी दिली.
घड्याळ काढून श्वास मोजले. एका मिनिटात छत्तीस.
कागद सापडेना, तर हातावरच लिहिले,
गांधींच्या जरा वर.
दुसरा हात आपोआप
त्याच्या कुशीखाली गेला होता.